मेंदूच्या पाण्यात उतरणारे औषध

मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू यांच्याभोवती तीन आवरणे असतात. कवटीला लगटून असलेली जाड, चिवट दृढतानिका, तिच्या आत नाजूक जाळीची जालतानिका, आणि मेंदूच्या प्रत्येक वळीत शिरून त्याला घट्ट चिकटलेली मृदुतानिका. आतल्या दोन आवरणांमधल्या फटीत पाण्यासारखा स्वच्छ मस्तिष्क-मेरुद्रव खेळत असतो. मोठ्या माणसात तो एका वेळी जेमतेम १५० मिलिलिटर असतो. दिवसभरात मात्र सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो आणि जुना रक्तात शोषला जातो. या द्रवात जंतू शिरले की आवरणांना सूज येते, ताप चढतो, डोके असह्य दुखते, मान ताठरते, उजेड सहन होत नाही आणि रुग्ण बघता बघता ग्लानीत जातो. हाच मस्तिष्कावरणदाह, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडचा मेनिंजायटिस.

विषाणूंमुळे होणारा मेनिंजायटिस बहुधा आपोआप बरा होतो आणि त्यावर प्रतिजैविकांचा काही उपयोग नसतो. जिवाणूंमुळे होणाऱ्या प्रकाराची गोष्ट वेगळी. मेनिंगोकोकस, न्यूमोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ‘बी’ (थोडक्यात ‘हिब’) हे त्याचे तीन जुने गुन्हेगार. नवजात बाळांमध्ये ई. कोलाय, क्लेब्सिएला आणि ‘बी’ गटातले स्ट्रेप्टोकोकस, तर वृद्ध माणसांत व गरोदर स्त्रियांमध्ये लिस्टेरिया अशी वेगळी नावे पुढे येतात. क्षयाचे जंतू हा आणखी एक प्रकार, आणि भारतात तो दुर्लक्ष करण्याजोगा मुळीच नाही. उपचार झाले नाहीत तर जिवाणूंचा मेनिंजायटिस बहुतेकांचा जीव घेतो. वाचलेल्यांपैकी कित्येकांना बहिरेपण, फिट्स किंवा बौद्धिक मंदत्व मागे राहते.

या रोगाचे साथीच्या रूपातले पहिले व्यवस्थित वर्णन जिनिव्हाच्या गास्पार व्हिय्यूस्यो यांनी १८०५ मध्ये केले. १८८७ मध्ये व्हिएन्नात आंटोन वाइक्सेलबाउम यांनी मेनिंगोकोकस ओळखला, आणि १८९१ मध्ये जर्मनीतल्या कील येथील हाइनरिश क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मस्तिष्क-मेरुद्रव काढण्याची पद्धत वर्णन केली. ‘पाठीतले पाणी काढणे’ म्हणून आपल्याकडे जिचा धसका घेतला जातो ती तपासणी हीच. पाणी काढले की कंबर कायमची धरते, माणूस लुळा पडतो, असा समज अजूनही घरोघरी ऐकू येतो. वास्तविक सुई टोचली जाते ती मज्जारज्जू संपतो त्याच्याही खाली. काही जणांना नंतर एक-दोन दिवस डोके दुखते, एवढाच त्याचा नेहमीचा त्रास. या तपासणीशिवाय निदान अंदाजावर चालते आणि उपचारही.

सुई आत जाऊ शकते तर औषधही तिथूनच घालावे, हे ओघानेच आले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील सायमन फ्लेक्सनर यांनी घोड्यांच्या रक्तात तयार केलेला मेनिंगोकोकसविरोधी रक्तरस रुग्णांच्या पाठीतून टोचायला सुरुवात केली. १९१३ मध्ये त्यांनी सुमारे १,३०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. एरवी शंभरातले सत्तर-ऐंशी दगावत, तिथे मृत्यूचे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवर आले होते. पुढची दोन दशके हाच काय तो आधार होता. मग १९३५ मध्ये जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल जगापुढे आणले आणि सल्फा औषधांचे युग सुरू झाले. १९३७ मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस श्वेंटकर यांनी मोजक्या मेनिंगोकोकस रुग्णांना सल्फानिलामाइड दिले आणि बहुतेक सगळे वाचले. घोड्याच्या रक्तरसाचा जमाना त्यानंतर झपाट्याने मागे पडला.

पेनिसिलिनच्या इतिहासातला मेनिंजायटिसचा प्रसंग फारसा सांगितला जात नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात स्ट्रेप्टोकोकसच्या मेनिंजायटिसने एक रुग्ण मरणाच्या दारात होता. सल्फाचा काही उपयोग झाला नव्हता. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी यांच्याकडून त्या काळी अत्यंत दुर्मीळ असलेले पेनिसिलिन मागवून घेतले आणि स्नायूत टोचले. दुखण्याला थोडा उतार पडला, पण पूर्ण नाही. फ्लेमिंग यांनी रुग्णाच्या पाठीतले पाणी तपासले. त्यात पेनिसिलिन जवळपास नव्हतेच. तेव्हा त्यांनी ते थेट पाठीतून दिले आणि रुग्ण बरा झाला. रक्तात औषध भरपूर आहे म्हणजे ते मेंदूभोवतीच्या पाण्यातही आहे असे नसते, हे त्या एका रुग्णाने दाखवून दिले. मेनिंजायटिसवरच्या प्रतिजैविकांचे पुढचे बरेचसे संशोधन याच अडचणीभोवती फिरत राहिले.

रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये शरीराने कडक पहारा बसवलेला आहे. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की बहुतेक औषधे त्यांच्यामधून पाझरत नाहीत. चरबीत विरघळणारे रेणू पेशींमधून आरपार जातात, म्हणून क्लोरॅम्फेनिकॉलसारखे औषध मस्तिष्क-मेरुद्रवात चांगले उतरते. पेनिसिलिनला ते जमत नाही. त्यात भर म्हणजे, जे थोडे आत शिरते तेही द्रव तयार करणाऱ्या ऊतींमधले पंप पुन्हा रक्तात बाहेर फेकतात. निरोगी माणसाला पेनिसिलिन टोचले तर त्याच्या पाठीतल्या पाण्यात ते नाममात्रच सापडते.

दाह झाला की मात्र पहारा ढिला पडतो. पेशींमधले जोड सुटतात, पंपही मंदावतात आणि औषध आत झिरपू लागते. चोराने फोडलेल्या कवाडातूनच पोलिसाने आत शिरावे, तसला हा प्रकार. यातून उपचाराचा एक नियम निघतो आणि तो नातेवाइकांना नेहमी कोड्यात टाकतो. रुग्ण सुधारू लागला की दाह ओसरतो. दाह ओसरला की औषधाची वाट पुन्हा अरुंद होते. म्हणून रुग्णाला बरे वाटू लागले तरी औषधाची मात्रा कमी करत नाहीत आणि शिरेतून द्यायचे औषध गोळ्यांवर आणत नाहीत. मोठ्या माणसाला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दर बारा तासांनी २ ग्रॅम दिले जाते. न्यूमोनियासाठी साधारणतः दिवसाला १ ते २ ग्रॅम पुरते.

दुसरी अडचण द्रवाचीच. रक्तात जंतू शिरला तर प्रतिपिंडे आणि पूरक प्रथिने त्याला चिकटतात, पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. मस्तिष्क-मेरुद्रवात ही प्रथिने फारच कमी. पांढऱ्या पेशी तिथे झुंडीने धावून येतात खऱ्या, पण खुणेची प्रथिने नसल्याने त्यांना जंतू नीट पकडता येत नाहीत. याचा अर्थ असा की इतर अवयवांत जंतूंची वाढ नुसती रोखून धरणारे औषध पुरते, बाकीचे काम शरीर करते. इथे मात्र औषधानेच जंतू मारावे लागतात.

याचा सज्जड पुरावा १९५१ मध्ये मिळाला. अमेरिकेतील मार्क लेपर आणि हॅरी डाउलिंग यांनी न्यूमोकोकसच्या रुग्णांमध्ये दोन औषधे एकत्र देऊन पाहिली. एक जंतू मारणारे पेनिसिलिन, दुसरे वाढ थांबवणारे क्लोरटेट्रासायक्लिन. एकापेक्षा दोन बरी, हा तर्क कोणालाही पटेल असाच होता. पण जोड-उपचार घेणाऱ्यांपैकी ७९ टक्के दगावले. नुसते पेनिसिलिन घेणाऱ्यांतले मृत्यू त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. पेनिसिलिन वाढत्या जंतूंनाच मारते, कारण ते त्यांची नवी पेशीभित्ती बांधू देत नाही. दुसऱ्या औषधाने जंतूंची वाढच थांबवल्यावर पेनिसिलिनला करण्यासारखे काही उरले नाही. पुढे १९७० च्या दशकात मर्ल सँडे आणि सहकाऱ्यांनी सशांमध्ये कृत्रिमरीत्या मेनिंजायटिस घडवून बारकाईने मोजमापे केली. परीक्षानळीत जंतू मारायला औषध जेवढे लागते त्याच्या किमान दहापट तरी द्रवात असले, तरच तो झपाट्याने जंतुमुक्त होतो, असे त्या प्रयोगांतून दिसले. आजच्या मोठाल्या मात्रांचे मूळ या सशांच्या प्रयोगांत आहे.

मग औषध थेट मेंदूच्या पोकळ्यांमध्येच का टोचू नये? नवजात बाळांच्या मेनिंजायटिसमध्ये हे करून पाहिले गेले. जेंटामायसिन शिरेतून दिले तर द्रवात फारसे उतरत नाही, म्हणून जॉर्ज मॅकक्रॅकन यांच्या गटाने काही बाळांना ते सुईने मेंदूच्या पोकळीत दिले. १९८० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पोकळीत औषध मिळालेल्या बाळांपैकी सुमारे ४३ टक्के दगावली, नुसते शिरेतून मिळालेल्यांपैकी १३ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. जंतू एकदम मोठ्या संख्येने फुटले की त्यांच्या भित्तीतली विषद्रव्ये बाहेर पडतात आणि दाह उलट भडकतो, हे त्यामागचे कारण असावे. आज हा मार्ग अपवादानेच वापरतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारख्या हट्टी जंतूंचा संसर्ग झाला आणि दुसरे काही चालेनासे झाले की कोलिस्टिन असे दिले जाते. मेनिंजायटिसच्या संशोधनात कागदावर बिनतोड वाटणारा तर्क रुग्णाच्या खाटेशी आल्यावर असा वारंवार पडलेला आहे.

औषधांची निवड जंतूंच्या प्रतिकारशक्तीमागे धावत राहिली. सल्फाला न जुमानणारे मेनिंगोकोकस १९६३ च्या सुमारास अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत ठळकपणे दिसले. १९६० च्या दशकात आलेले अँपिसिलिन मुलांमधल्या तिन्ही प्रमुख जंतूंवर चालत होते. १९७४ मध्ये त्याला तोडून टाकणारे हिब आढळले आणि अँपिसिलिन व क्लोरॅम्फेनिकॉल ही जोडी रूढ झाली. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या न्यूमोकोकसची पहिली नोंद १९६७ ची; १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी चांगलाच हाहाकार माजवला.

यावर उतारा सापडला तो सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी शहराच्या सांडपाण्यात. तिथले जुझेप्पे ब्रोत्सू यांनी १९४५ मध्ये समुद्रात सांडपाणी सोडणाऱ्या मोरीजवळ एक बुरशी वेगळी काढली. ऑक्सफर्डमध्ये तिच्यापासून सेफॅलोस्पोरिन मिळाले आणि त्याच घराण्यातली तिसऱ्या पिढीची सेफोटॅक्सिम व सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ही औषधे १९८० च्या दशकात वापरात आली. द्रवात पुरेशी उतरणारी आणि अत्यल्प प्रमाणातही जंतू मारणारी. दुसऱ्या पिढीचे सेफ्युरोक्झिमही तेवढेच चांगले, असे तेव्हा पुष्कळांना वाटत होते. स्वित्झर्लंडमध्ये सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि सेफ्युरोक्झिम ही दोन औषधे मुलांच्या दोन गटांना देऊन तुलना झाली आणि १९९० मध्ये निकाल आला. मृत्यू दोन्हीकडे नव्हते. पण सेफ्युरोक्झिम घेतलेल्या मुलांचा द्रव जंतुमुक्त व्हायला उशीर लागत होता आणि त्यांच्यातल्या १७ टक्के मुलांना ऐकू कमी येऊ लागले होते. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. एखाद्या दिवसाच्या दिरंगाईची किंमत कानांनी मोजली होती.

तेव्हापासून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हा उपचाराचा कणा आहे. न्यूमोकोकस त्यालाही दबत नसावा अशी शंका असेल तिथे व्हँकोमायसिन जोडतात. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना अँपिसिलिनही देतात, कारण लिस्टेरियावर कुठलेच सेफॅलोस्पोरिन चालत नाही. शिरेतून कॅल्शियम चालू असलेल्या नवजात बाळाला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन देत नाहीत, दोहोंचा साका होऊन जिवाला धोका होतो. तिथे सेफोटॅक्सिम वापरतात.

जंतू मेल्यावरही नुकसान थांबत नाही, हे १९८० च्या दशकात स्पष्ट होत गेले. फुटलेल्या जंतूंच्या भित्तीचे तुकडे शरीराच्या दाहक यंत्रणेला चेतवतात. मेंदूला सूज येते, रक्तवाहिन्या आकसतात, आतल्या कानाची हानी होते. म्हणजे प्रतिजैविकाचा पहिला डोस जीव वाचवतो आणि त्याच वेळी काही तास दाह वाढवतोही. दाह दाबण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यावे, ही कल्पना इथून आली. त्यावरचा वाद पुढे वीस वर्षे चालला.

१९८८ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथून २०० मुलांवरच्या चाचण्यांचा निकाल आला. स्टेरॉइड मिळालेल्या मुलांत मध्यम ते तीव्र बहिरेपण ३.३ टक्के, न मिळालेल्यांत १५.५ टक्के. बहुतेकांना हिबचा संसर्ग होता. मोठ्या माणसांचे काय, याचे उत्तर २००२ मध्ये नेदरलँड्सच्या यान द खान्स आणि डीडरिक व्हान द बेक यांनी दिले. युरोपातल्या ३०१ प्रौढ रुग्णांमध्ये डेक्सामेथासोनमुळे मृत्यूचे प्रमाण १५ वरून ७ टक्क्यांवर आले. एकट्या न्यूमोकोकसच्या रुग्णांत तर ते ३४ वरून १४ टक्क्यांवर उतरले. स्टेरॉइड प्रतिजैविकाच्या आधी १५-२० मिनिटे किंवा बरोबरच दिलेले होते. दाह भडकण्याआधीच त्याला आवर घालायचा, हा त्यातला हेतू.

त्याच वर्षी आफ्रिकेतल्या मलावीमधून ६०२ मुलांवरच्या चाचणीचा निकाल आला तो अगदी उलट. स्टेरॉइड दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही गटांत मृत्यू ३१ टक्के. २००७ मध्ये तिथल्याच ४६५ प्रौढांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यातल्या सुमारे ९० टक्के जणांना एचआयव्हीची बाधा होती. दोन्ही गटांत निम्म्याहून अधिक दगावले, स्टेरॉइडने काहीच फरक पडला नाही. व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह शहरातल्या ४३५ रुग्णांत चित्र आणखी वेगळे. ज्यांचा जंतू प्रयोगशाळेत सिद्ध झाला त्यांना फायदा, आणि ज्यांचे निदान नुसते संशयावर होते त्यांना झाला तर तोटा. या संशयितांमध्ये क्षयाचे रुग्ण मिसळलेले असावेत, असे संशोधकांचे मत पडले.

एकाच औषधाचे हे तीन प्रदेशांतले तीन निकाल परस्परांना खोडत नाहीत. मलावीतल्या ब्लँटायरच्या रुग्णालयात रुग्ण उशिरा पोहोचत, उपासमार आणि एचआयव्हीने आधीच खंगलेले असत, आणि अतिदक्षता विभाग नसल्यासारखाच होता. अ‍ॅमस्टरडॅमचा निकाल तिथे लागू पडावा ही अपेक्षाच चुकीची होती. भारतातल्या डॉक्टरांनाही हे भान ठेवावे लागते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात काही तासांत आलेला तरुण आणि दुर्गम तालुक्यातून चौथ्या दिवशी आणलेला कुपोषित मुलगा हे एका नियमात बसत नाहीत. सध्याचा व्यवहार असा की जिवाणूंचा संशय असेल तर पहिल्या प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड सुरू करावे, आणि न्यूमोकोकस किंवा हिब सोडून दुसराच जंतू निघाला तर बहुतेक वेळा ते बंद करावे. क्षय निघाला तर मात्र ते सुरूच ठेवायचे असते.

या सगळ्या शोधांइतकीच मोठी बाब वेळेची आहे. माँट्रियलमधल्या प्रौढ रुग्णांच्या २००५ मधील अभ्यासात, रुग्णालयाच्या दारापासून पहिल्या डोसपर्यंत सहा तासांहून अधिक गेलेल्यांत मृत्यूचा धोका कित्येक पटींनी वाढलेला आढळला. हा वेळ जातो कुठे? बऱ्याचदा सीटी स्कॅनच्या रांगेत. कवटीतला दाब फार वाढलेला असताना पाठीतले पाणी काढले तर मेंदू खाली सरकण्याची भीती असते, म्हणून आधी स्कॅन करण्याची पद्धत पडली. आणि स्कॅन होईपर्यंत औषधही थांबवून ठेवले जाऊ लागले. स्वीडनने २००९ मध्ये नियम बदलला. नुसत्या ग्लानीसाठी स्कॅनची वाट पाहायची नाही, पाणी लगेच काढायचे आणि औषध लगेच द्यायचे. त्यानंतरच्या वर्षांत तिथे उपचार लवकर सुरू होऊ लागले आणि मृत्यूचे प्रमाण ११.७ वरून ६.९ टक्क्यांवर आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. नुसता क्रम बदलला.

स्कॅन खरोखरच आवश्यक असेल तर रक्ताचा नमुना घेऊन औषध आधी द्यायचे, हा नियम आता सर्वमान्य आहे. त्यामुळे निदानाचे थोडे नुकसान होते हे खरे. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिल्यावर मेनिंगोकोकस दोन तासांतच द्रवातून नाहीसा होऊ शकतो. न्यूमोकोकसला चार तास किंवा अधिक लागतात. आपल्याकडे ही अडचण फार मोठी आहे. ताप आला की औषधांच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणायच्या, किंवा गावातल्या डॉक्टरकडून एक इंजेक्शन घ्यायचे, ही रीत सर्रास आहे. या अर्धवट मात्रेने मेंदूभोवतीचे जंतू मरत नाहीत, लक्षणे तेवढी झाकली जातात आणि प्रयोगशाळेत जंतू वाढेनासा होतो. मग न्यूमोकोकस आहे की क्षय, याचा उलगडा व्हायला दिवस जातात. जंतूच्या डीएनएवरून त्याला ओळखणाऱ्या पीसीआर चाचण्यांनी ही कोंडी काही अंशी फोडली आहे.

उपचार किती दिवस करावेत, हा प्रश्न जास्त करून रिवाजाने सुटत आला होता. दहा दिवस, चौदा दिवस हे आकडे कुठल्या चाचणीतून आलेले नव्हते. चंडीगडच्या पीजीआय संस्थेत सात आणि दहा दिवसांच्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची तुलना होऊन २००२ मध्ये दोन्ही सारखेच ठरले. २०११ मध्ये बांगलादेश, इजिप्त, मलावी, पाकिस्तान आणि व्हिएतनाममधल्या हजारावर मुलांच्या चाचणीत पाचव्या दिवशी प्रकृती स्थिर असलेल्या मुलांना पुढचे पाच दिवस औषध दिले काय आणि खाऱ्या पाण्याची फसवी इंजेक्शने दिली काय, फरक पडला नाही. गरीब घरातल्या आईबापांचे पाच दिवसांचे रोजगार आणि रुग्णालयातल्या पाच खाटा वाचवणारा हा निकाल आहे. नवजात बाळांना आणि लिस्टेरियाला तो लागू नाही; तिथे दोन ते तीन आठवडे लागतात.

पाच दिवसही जिथे परवडत नाहीत असा एक भूभाग आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या आफ्रिकेच्या ‘मेनिंजायटिस पट्ट्या’त कोरड्या, धुळीच्या महिन्यांत मेनिंगोकोकसच्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोकांना लागण झाली आणि पंचवीस हजार दगावले. एक परिचारिका, शेकडो रुग्ण आणि शिरेतून द्यायची सोय नाही, अशा स्थितीत तेलात मिसळलेले क्लोरॅम्फेनिकॉल स्नायूत टोचणे हा इलाज होता. एक-दोन इंजेक्शनांत काम भागते, हे माली आणि नायजरमधल्या १९९१ च्या चाचणीने सिद्ध केले. पुढे या तेलकट औषधाचा पुरवठा बेभरवशाचा झाला, तेव्हा नायजरमध्ये २००३ च्या साथीत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या एकाच इंजेक्शनशी त्याची तुलना झाली. दोन्ही सारखीच गुणकारी ठरली. २०१७ मध्ये नायजरमध्येच गावातल्या सर्वांना सिप्रोफ्लॉक्सासिनची एकेक मात्रा देऊन पाहिली, तेव्हा त्या गावांतली लागण निम्म्याहून कमी झाली. फक्त रुग्णाच्या घरच्यांना गोळी देऊन गावाला संरक्षण मिळाले नाही.

याच पट्ट्यात संशोधनाचा एक काळा अध्यायही घडला. १९९६ च्या साथीत नायजेरियातल्या कानो शहरात फायझर कंपनीने ट्रोव्हाफ्लॉक्सासिन या नव्या औषधाची २०० मुलांवर चाचणी घेतली. निम्म्यांना नवे औषध, निम्म्यांना सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. नव्या औषधाच्या गटात पाच आणि दुसऱ्या गटात सहा मुले दगावली. पालकांची खरी संमती घेतली नव्हती आणि तुलनेसाठीचे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन कमी मात्रेत दिले, असे आरोप पुढे झाले. डिसेंबर २००० मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने प्रकरण उघडकीस आणले. कंपनीने आरोप नाकारले, पण २००९ मध्ये कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. साथीत भेदरलेल्या, निरक्षर आईकडून घेतलेली संमती कितपत खरी मानायची, हा प्रश्न पैशांनी मिटलेला नाही.

क्षयाच्या मेनिंजायटिसची वाट सर्वांत खडतर. स्ट्रेप्टोमायसिन येण्याआधी तो जवळपास शंभर टक्के मारक होता. १९४८ च्या सुमारास ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनने काही मुले वाचू लागली, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले आणि चित्र पालटले. द्रवात उत्तम उतरणारे हे औषध आजही उपचाराचा पाया आहे. २००४ मध्ये व्हिएतनाममधल्या ५४५ रुग्णांत डेक्सामेथासोनने मृत्यू ४१ वरून ३२ टक्क्यांवर आणले; अपंगत्व मात्र कमी झाले नाही. रिफॅम्पिसिनची मात्रा वाढवून आणखी सुधारणा होईल अशी आशा इंडोनेशियातल्या ६० रुग्णांच्या छोट्या चाचणीने २०१३ मध्ये जागवली. तीन वर्षांनी व्हिएतनाममधल्या ८१७ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत, थोडी वाढीव मात्रा आणि जोडीला लेव्होफ्लॉक्सासिन देऊनही, ती फळाला आली नाही. मुलांच्या बाबतीत थोडी प्रगती आहे. बारा महिन्यांऐवजी सहा महिन्यांचा, चार जोरकस औषधांचा उपचार हा पर्याय जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मान्य केला.

मेनिंजायटिसचे मृत्यू घटवण्यात प्रतिजैविकांच्या बरोबरीने, काही जागी त्यांच्याहून जास्त, काम लसींनी केले आहे, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. आफ्रिकेच्या पट्ट्यासाठी ‘ए’ गटाच्या मेनिंगोकोकसवरची स्वस्त लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो, माली आणि नायजरमध्ये ती द्यायला सुरुवात झाली आणि पुढच्या काही वर्षांत त्या गटाच्या साथी थांबल्या. पाच गटांवरची नवी लसही तिथलीच. २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वप्रथम वापरली. भारतात हिबची लस २०११ मध्ये केरळ व तमिळनाडूपासून पेंटाव्हॅलंट या एकत्रित लसीच्या रूपाने सरकारी लसीकरणात आली. न्यूमोकोकसची २०१७ मध्ये काही राज्यांत सुरू झाली आणि २०२१ पासून देशभर. या दोन्ही लसी सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२५ मध्ये मेनिंजायटिसच्या निदान-उपचारांसाठी पहिली जागतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत औषधांइतकेच उपचारानंतरच्या काळाकडे लक्ष दिले आहे. न्यूमोकोकसच्या मेनिंजायटिसनंतर आतल्या कानाच्या शंखात काही आठवड्यांतच हाड भरू लागते. एकदा ते भरले की कॉक्लिअर इम्प्लांट बसवणे अवघड होते. म्हणून मेनिंजायटिसमधून वाचलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी घरी सोडण्यापूर्वी, निदान चार आठवड्यांच्या आत करून घ्यावी. रुग्णालयाने ती सुचवली नाही, तर आईवडिलांनी स्वतःहून मागावी.